चौदा युनिट

राजाजीनगर, बेंगळुरू
१२ ऑगस्ट २०२४

संहिता,

वर 'चि.' आणि 'अनेक आशीर्वाद' लिहिलं होतं, मग तो कागद फाडला. ते लिहायचा हक्क मला उरलाय की नाही, हे तू ठरवायचंस. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, निळ्या खुणा दिसतात, पुढे काही नाही. म्हणून पोस्टानं पाठवतोय. डब्लिनला पंधरा दिवस तरी लागतील, असं काउंटरवरची बाई म्हणाली.

माझं बरं आहे. बरगड्या भरून आल्या. डाव्या मनगटाला पावसाळी हवेत कळ येते, तेवढंच. साखर आटोक्यात आहे. ओव्हन बंद केलाय, त्यावर जुनी चादर टाकून ठेवलीय. चहासुद्धा बिनसाखरेचा. तुला आणि आईला हवं होतं तसं सगळं चाललंय.

आई जाऊन सहा महिने झाले. खालची रक्षिता अधूनमधून सांबार आणून देते. कपाटं मी अजून उघडलेली नाहीत.

विमानतळावर तू मला विचारलंस, "बाबा, त्या दिवशी तुम्ही काय खाल्लं होतं?" मी म्हणालो, "काही नाही." तू थोडा वेळ बघत राहिलीस आणि ट्रॉली ढकलत आत गेलीस. मागे वळून पाहिलं नाहीस. त्यानंतर आपण बोललेलो नाही.

मी खरं सांगत होतो, संहिता. त्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर माझ्या पोटात खरंच काही गेलं नव्हतं. कुणाचीही शपथ घालून विचार.

अपघाताची केस चालू आहे. रिक्षावाल्याचं लायसन्स जप्त केलंय म्हणे.

तुझे बाबा


९ ऑक्टोबर २०२४

संहिता,

पहिल्या पत्राचं उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

ओव्हनबद्दल मी खोटं लिहिलं. चादर होती, पण ती जेमतेम पंधरा दिवस. पत्र टाकलं त्याच आठवड्यात मी संत्र्याचा केक केला. रक्षिता वर आली, बेल वाजवली. म्हणाली, "अंकल, जिन्यात वास येतोय. केक ना?" मी दार अर्धंच उघडलं होतं. 'नाही' कसं म्हणणार? म्हटलं, तुझ्यासाठीच केलाय. ती इतकी खूश झाली की मला शरम वाटली. तिला दिला तेव्हा त्यातला चतुर्थांश आधीच संपला होता.

तू नेहमी विचारायचीस, तुम्हांला गोड सोसत नाही तर करता कशाला? आईही तेच विचारायची. आज नीट सांगून बघतो.

सत्त्याऐंशी साली मी सांगलीहून या गावात नोकरीला आलो. कानडी येत नव्हतं, खोलीवर कुणी नव्हतं. कारखान्याच्या बसमधून उतरलो की कोपऱ्यावर अय्यंगार बेकरी होती. तिथला हनी केक, पाकात भिजलेला, वर जॅम आणि सुक्या खोबऱ्याचा कीस, कागदावर ठेवून द्यायचे. तो खाताना मला एकटं वाटत नसे. लग्नानंतर आईला घेऊन गेलो तर तिनं बोटं चाटली. मग म्हणाली, "अहो, हे घरी येईल का करता?" बस्स. त्या दिवसापासून सुरू झालं. तीस वर्षं कारखान्यात हीट ट्रीटमेंटच्या, लोखंड तापवून कडक करायच्या भट्ट्या सांभाळल्या ज्या माणसानं, त्याला एक ओव्हन जड नव्हता. कोणत्या कोपऱ्यात आच जास्त, पीठ कधी स्थिरावतं, साखर कधी रंग धरते, हे मला कान लावून कळायचं. केक शिजत आला की आतली बारीक चुरचुर मंदावते. त्या वेळी ओव्हनपुढे स्टूल टाकून बसणं हे माझं सुख होतं. खाणं त्याच्या नंतरचं. पण नंतर ते येतंच.

साखरेचं निदान झालं तेव्हा आईनं बेकिंग बंद करा म्हटलं नाही. तिनं वाटा काढल्या. अर्ध्या मापाचा केक. करताना तोंडात लवंग धरायची. केक निवला की ताबडतोब खाली रक्षिताकडे, नाहीतर भजनाच्या बायकांकडे. माझ्या वाट्याला एक बोटभर तुकडा, तोही जेवणानंतर, तिच्यासमोर. मी सगळं मान्य केलं होतं आणि सहा-सात महिने पाळलंही होतं.

मग मला फुगवटा सापडला.

केक वर फुगतो, तो भाग सपाट करायला कापून टाकावा लागतो. टाकायचा म्हणजे करणाऱ्यानं खायचा, असा बेकरांचा रिवाज आहे. आच थोडी कमी ठेवली तर केक फुगत नाही, सपाट होतो. हे मला ठाऊक नव्हतं असं समजू नकोस. मी मुद्दाम आच पंधरा अंशांनी वाढवायचो. फुगवटा मोठा यायचा. तो कापून डब्यात ठेवायचो आणि आई आंघोळीला गेली की ओट्याशी उभं राहून खायचो. तुकडे मोजत नव्हतो. आईला वाटायचं, ह्यांचा ओव्हन जरा जास्त तापतो. तिनं मेकॅनिकलाही बोलावलं होतं एकदा.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बाबा


१७ जानेवारी २०२५

संहिता,

कोर्टाची तारीख होती. साक्षीदार म्हणून मला बोलावलं होतं, पण न्यायाधीश रजेवर. पुढची तारीख मार्चची मिळाली.

बाहेर बाकावर बसलो होतो. एक माणूस येऊन उभा राहिला. चाळिशीचा, बारीक, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. "चन्नागिद्दीरा सार्?" बरे आहात ना, असं विचारत होता. मी ओळखलं नाही. तो म्हणाला, "मी बसवंत. ऑटो."

त्यानं माझ्या मनगटाकडे पाहून विचारलं, दुखतं का अजून. मग आपणहून सांगितलं की ऑटो गेली, आता शिवाजीनगरला एका गॅरेजात सीटची कव्हरं शिवतो. रागानं नाही, हवापाण्याचं सांगावं तसं. जाताना म्हणाला, "तुम्ही सांगा सार् काय झालं ते. तुम्हीच तर पाहिलंय."

घरी आल्यावर मी चादर काढून ओव्हनवर परत घातली. मग पुन्हा काढली. त्या आठवड्यात काय काय खाल्लं ते लिहीत नाही.

तुला आठवतं, अपघाताच्या आधीच्या दिवाळीत आईनं तुला फोन करून सांगितलं होतं, "तुझ्या बाबांनी जिंकलं गं, तीन महिन्यांची साखर सहा पॉइंट नऊ आली!" तिनं शेजारीपाजारी सांगितलं. माझं औक्षण करायचंच बाकी होतं. तू म्हणालीस, "वा, बाबा."

तो आकडा खोटा होता. म्हणजे रिपोर्ट खरा, आकडा खरा, मी खोटा. डॉक्टरांनी जेवणाआधी आठ युनिट इन्शुलिन सांगितलं होतं. ते पेन असतं, मागचं बटण फिरवलं की आकडा बदलतो. मला कळलं की खायचं असेल तर आकडा वाढवायचा. एका तुकड्याला तीन, दोन तुकड्यांना सहा. वही नव्हती, पण डोक्यात कोष्टक पक्कं होतं. साखर वर गेलीच नाही. मी स्वतःवर खूश होतो. आयुष्यभर भट्टीचं तापमान एका रेषेवर ठेवलं, तसंच रक्ताचंही ठेवतोय असं वाटायचं. दोनदा हातपाय थरथरले, दरदरून घाम आला. दोन्ही वेळा स्वयंपाकघरात होतो, साखरेचा डबा हाताशी होता. आईला कळलं नाही.

डॉक्टरांनीही पाठ थोपटली होती. खरं सांगायची ती वेळ होती. मी सांगितलं नाही.

बाबा


२ फेब्रुवारी २०२५

संहिता,

आज वर्ष झालं. सकाळी गुरुजी येऊन गेले. रक्षितानं पानं वाढायला मदत केली. सगळे गेल्यावर हे लिहायला बसलोय. आता चार वाजलेत. बरोबर ह्याच सुमाराला सुरुवात झाली होती.

मैत्रेयीमावशीच्या साठीचा केक होता, जयनगरला न्यायचा. तीन किलोचा, व्हॅनिला आणि अननस, आईनं त्यावर क्रीमनं शेवंतीची फुलं काढायला सांगितली होती. दोन दिवस मी त्यावर होतो. फुगवटे चांगले मोठे निघाले होते. ते स्टीलच्या डब्यात, फ्रीजच्या मागच्या बाजूला. आई साडी नेसायला गेली की खायचे, असा बेत.

साडेचारला मी बाथरूममध्ये इन्शुलिन घेतलं. चौदा युनिट, त्या सगळ्या फुगवट्यांच्या हिशेबानं. त्या वेळी खरं तर काहीच घ्यायचं नव्हतं, जेवणाची वेळच नव्हती. बाहेर येऊन फ्रीज उघडला तर डबा नाही. आई दाराशी तयार उभी, हातात केकचा खोका. म्हणाली, "ते वरचे तुकडे मी रक्षिताला दिले हो. तिच्याकडे पाहुणे आलेत. चला, उशीर झालाय."

मी तिथंच सांगायला हवं होतं. नयना, थांब, मी इन्शुलिन घेऊन बसलोय, मला काहीतरी खायला दे. एवढं एकच वाक्य. पण ते म्हटलं की मागचं सगळं बाहेर येणार होतं. डबा, आच, कोष्टक, सहा पॉइंट नऊ. तिनं केवढ्या अभिमानानं सांगितलं होतं जगाला. मी मनात म्हटलं, अर्ध्या तासात जयनगर. पोचल्यावर खाऊ.

मागडी रोडला मेट्रोच्या पुलाखाली गाड्या तुंबल्या होत्या. सव्वापाच वाजले तरी आम्ही चामराजपेटेतच. मला घाम फुटायला लागला. हात स्टीअरिंगवर हलत होते. हे काय आहे ते मला पक्कं माहीत होतं. दोनदा झालेलं होतं ना.

आता हे नीट वाच. माझ्या शेजारी आईच्या मांडीवर तीन किलो केक होता. तिच्या पर्समध्ये ग्लुकोजची पुडी होती, माझ्यासाठी ती कायम ठेवायची. नुसता हात पुढे करायचा होता. एक बोट क्रीम. नाहीतर गाडी बाजूला घ्यायची होती. मी मागितलं नाही. संहिता, मी मेलो तरी चालेल पण कळायला नको, असं मला वाटत होतं. ती शेजारी बसलीय, तीही मरेल, हे डोक्यात आलंच नाही. साखर उतरली की डोकं चालत नाही असं डॉक्टर म्हणतात. ते खरं आहे, पण त्याच्याआड मी लपणार नाही. पहिली दहा मिनिटं माझं डोकं शाबूत होतं.

मिनर्व्हा सर्कलच्या अलीकडे मला समोरचं दुहेरी दिसायला लागलं. रिक्षा कडेला उभी होती. उभी, संहिता. बसवंत खाली उतरून पाणी पीत होता. मी तिच्या मागच्या कोपऱ्याला धडकलो आणि गाडी फिरून आईच्या बाजूनं झाडावर गेली.

मला गाडीबाहेर बसवंतनं काढलं. मी बरळत होतो, डोळे फिरलेले. त्यानं काय ओळखलं कोण जाणे, समोरच्या दुकानातून मोसंबीचा रस आणला आणि माझं डोकं मांडीवर घेऊन पाजला. "स्वल्प कुडिरी सार्, स्वल्प." थोडं प्या, थोडं, असं म्हणत होता. त्याच रसानं मी शुद्धीवर आलो. म्हणूनच हॉस्पिटलात माझी साखर ठीक निघाली, आणि कुणाला संशय आला नाही.

संध्याकाळी पोलीस आला. आई गेल्याचं मला नुकतंच सांगितलं होतं. त्यानं विचारलं, "ऑटो अचानक वळली का?" मी मान हलवली. तोंडानं काहीच बोललो नाही. नुसती मान. पुढचं सगळं त्यानंच लिहिलं, मी खाली सही केली.

तू विचारलंस काय खाल्लं होतं. काही खाल्लं नव्हतं. तेच तर झालं.

बाबा


२८ मार्च २०२५

संहिता,

साक्ष झाली.

सरकारी वकील तरुण होते, घाईत होते. कागद बघत म्हणाले, "आरोपीनं ऑटो अचानक उजवीकडे वळवली, म्हणून तुमचा ताबा सुटला. बरोबर?"

"नाही. ऑटो उभी होती."

त्यांनी मान वर केली. "तुमच्या जबाबात ऑटो वळवली असं आहे."

"जबाब खोटा आहे. सही माझी आहे."

न्यायाधीश बाईंनी लिहायचं थांबवलं. "तुम्ही काय बोलताय त्याचा परिणाम कळतोय ना? तब्येत बरी आहे ना तुमची?"

मी 'हो' म्हणालो आणि सगळं सांगितलं. इन्शुलिन, डबा, घाम, रस. कानडीत सांगितलं. इतकी वर्षं राहून माझं कानडी बाजारापुरतंच. 'लपवलं' हा शब्द आठवेना, तर 'मुच्चिट्टे' म्हणालो, झाकून ठेवलं. टायपिस्ट मध्येच थांबून माझ्याकडे बघत होती. मागे बाकावर कुणीतरी हळूच हसलं, केकमुळे बायको मारली म्हणून. हसणाऱ्याचं काही चुकलं असं मला वाटलं नाही.

बाहेर आल्यावर मी बसवंतपुढे हात जोडले. त्यानं माझे हात खाली केले नाहीत, धरलेही नाहीत. मग म्हणाला, "माझी आई रोज विचारायची सार्. खरं सांग, तू मारलंस का त्या बाईला? मी नाही म्हणायचो. तिला पटायचं नाही. पोलीस उगाच का धरतील, म्हणायची. नोव्हेंबरात गेली ती. आता कुणाला सांगू?"

मग तो जिना उतरून गेला.

माझ्यावर आता वेगळी केस होईल. होऊ दे. लायसन्स मी स्वतः नेऊन दिलं.

डॉक्टरांनाही सांगितलं. ते रागावले नाहीत. खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "मला त्या आकड्याचा संशय यायला हवा होता." त्यांचं तोंड उतरलेलं बघून आणखी वाईट वाटलं.

बाबा


१९ जून २०२५

संहिता,

तुझं पत्र आलं. चार ओळींचं. आल्यापासून आठ दिवस खिशात घेऊन फिरलो, म्हणून उत्तराला उशीर.

तू लिहिलंस की आईनं निघण्याआधी तुला मेसेज केला होता. 'वरचे तुकडे रक्षिताला दिले, आता बाबांचा चेहरा बघ कसा होतो.' आणि पुढे हसणारं चित्र. म्हणजे तिला डबा ठाऊक होता. कदाचित आचही. मेकॅनिक तिनं मला घाबरवायलाच बोलावला असेल. ती माझ्यासमोर एक खेळ खेळत होती, मी कधीतरी सांगेन म्हणून थांबली होती. इन्शुलिनचं मात्र तिला ठाऊक नव्हतं. ते कुणालाच नव्हतं.

आणि तू विमानतळावर विचारलंस ते ह्यामुळे. तूही थांबली होतीस.

बसवंत सुटला. लायसन्स परत मिळालं, पण तो ऑटोकडे परत गेलेला नाही. मी गॅरेजात जाऊन आलो. त्यानं शिलाईचं मशीन थांबवलं, मला स्टूल दिलं आणि पुन्हा मशीन सुरू केलं. मी तासभर बसलो. "पुन्हा येऊ का?" विचारलं तर म्हणाला, "नको सार्. ठीक आहे, बरे राहा."

माझी साखर नऊ पॉइंट एक आली. कोष्टक सोडल्यावर खरा आकडा दिसला. पेन आता रक्षिता ठेवते, सकाळ-संध्याकाळ तिच्यासमोर आठच युनिट घेतो. ओव्हनही तिच्याकडे नेला. आता ती केकच्या ऑर्डरी घेते, रविवारी खाली जाऊन ते केक मी करतो. कापतानाच हात अडखळतो, बाकी काही नाही. ती कापलेले तुकडे लगेच उचलून नेते. जीभ सुधारली असं मी तुला लिहिणार नाही. गेल्या रविवारी भांडं घासायच्या आधी बोट फिरवून चाटलं. तिनं पाहिलं. मी म्हटलं, "हो, खाल्लं." एवढं मात्र आता म्हणता येतं.

तू भारतात यायचं नाही म्हणतेस. मी विचारणारही नाही. पण शेवटच्या ओळीत एक विचारलंयस, आणि त्याचं उत्तर तुला द्यायलाच हवं. 'आई गाडीत शेवटी काय बोलली?' मी फेब्रुवारीत सगळं लिहिलं, कोर्टात सगळं सांगितलं. हे एवढं दोन्हीकडे वगळलं.

चामराजपेटेत सिग्नलला थांबलो होतो. आईनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "अहो, केवढा घाम आलाय तुम्हांला. बाजूला घ्या गाडी. काही खाता का? केकच कापते थोडा. मैत्रेयीला सांगू काहीतरी."

ती खोक्याची दोरी सोडायला लागली होती, संहिता.

मी म्हणालो, "नको. फुलं बिघडतील."

तिनं दोरी पुन्हा बांधली. पदरानं माझं कपाळ पुसलं. आणि सिग्नल सुटला.

बाबा